आपली वही आपल्या घरी

मृग लागला की धर्मगुरूच्या दारात येणाऱ्या माणसांची कामे बदलतात. एरवी कोणी बाप्तिस्म्याचा दाखला मागतो, कोणी लग्नाची तारीख ठरवायला येतो. जूनमध्ये मात्र हातात कर्जाचा कागद घेऊन येणारे जास्त असतात. अशाच एका सकाळी मिस्सा झाल्यावर वैनगंगेच्या काठच्या गावातला एक शेतकरी ओसरीवर थांबला. तीन एकर स्वतःची धानाची बांधी, दोन एकर अधियाने घेतलेली, घरात सहा माणसे. माणूस कष्टाळू, व्यसन कसले नाही. "फादर, जामीन म्हणून सही पाहिजे," तो म्हणाला.

मी विचारले, "भाऊ, आधीचे देणे किती आहे?"

तो विचारात पडला. सोसायटीचे किती ते सोसायटीच्या बाबूला माहीत. खत-औषधाची उधारी दुकानदाराच्या वहीत. बायकोच्या गटाचा हप्ता बायकोला ठाऊक. "आणि मागच्या साली धानात उरले किती?" यावर तो हसला. "उरले असते तर इथे आलो असतो का?"

त्याच्या देण्याचा हिशोब तीन ठिकाणी लिहिलेला होता. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र एक ओळही नव्हती. वाचकहो, आपल्या बालाघाट जिल्ह्यातील कितीतरी घरांची हीच गत आहे, म्हणून आज या पानावर खत-औषधाऐवजी वहीविषयी लिहितो आहे.

हे दुखणे जुने आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव चढला होता, तेव्हा सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव उतरले, सरकारने शेतसारा वाढवला आणि वसुलीचा तगादा सुरू झाला. लोकांनी सावकाराकडचे कर्जरोखे आणि खातेवह्या मागितल्या आणि त्यांची होळी केली. पुढे हा उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्या शेतकऱ्यांनी वह्या का जाळल्या? कारण हिशोब फक्त सावकाराकडे होता. त्यात काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते, आणि ते खोटे आहे असे म्हणायला स्वतःजवळ दुसरा कागद नव्हता.

सरकारलाही हे उमगले. १८७९ च्या दख्खनच्या शेतकरी कायद्याने ऋणकोला पावती आणि हिशोब मागण्याचा हक्क दिला. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. तिथे १९३४ च्या सावकारी कायद्याने सावकारावर नीट हिशोब ठेवण्याचे आणि ऋणकोला त्याचा उतारा देण्याचे बंधन घातले. कायदे झाले, पण कायदा दुसऱ्याला वही दाखवायला लावतो. आपली वही लिहिण्याचे काम कोणताही कायदा आपल्यासाठी करत नाही.

आता एका एकराचा हिशोब मांडून पाहू. पुढचे खर्चाचे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घालावे. समजा, नांगरणी आणि चिखलणीचे ट्रॅक्टरभाडे ३,५०० रुपये, बियाणे १,२००, रोवणीची मजुरी ४,०००, खत ३,०००, औषध १,५००, निंदण १,५००, कापणी आणि मळणी २,५००, पोती आणि वाहतूक ८००. बेरीज १८,००० रुपये. हा झाला रोख खर्च. धान पिकला १६ क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामासाठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. म्हणजे एकराचे उत्पन्न ३७,९०४ रुपये. खर्च वजा जाता उरले १९,९०४.

ही रक्कम पाहून माणूस म्हणतो, "शेतीत अर्धे सुटले." पण थांबा. पऱ्हे टाकण्यापासून धान घरात येईपर्यंत घरच्या माणसांनी त्या एकरात समजा २५ दिवस काम केले. दिवसाची मजुरी ३०० रुपये धरली तर ७,५०० रुपये होतात. ती वजा केली की उरतात १२,४०४. म्हणजे एका क्विंटलला आपला खर्च सुमारे १,५९४ रुपये आला. केंद्र सरकारने याच हंगामाचा हमीभाव ठरवताना घरची मजुरी धरून खर्च १,५७९ रुपये धरला होता. आपला नमुना त्याच्या जवळ आहे, तेव्हा तो अगदीच हवेतला नाही.

आता याच एकरावर तीन प्रसंग घालून पाहा.

पहिला प्रसंग. सरकारी खरेदी सुरू व्हायच्या आधीच दुकानदाराचा तगादा आला आणि धान खळ्यावरच व्यापाऱ्याला १,९०० रुपयांनी द्यावा लागला. क्विंटलला ४६९ रुपये गेले, एकराला ७,५०४ रुपये. घरच्या सगळ्या माणसांच्या २५ दिवसांच्या मजुरीइतके हे पैसे आहेत. उन्हात-चिखलात बायको-मुले राबली ती त्या व्यापाऱ्यासाठी फुकट राबली, असाच त्याचा अर्थ.

दुसरा प्रसंग. पावसाने दगा दिला किंवा तुडतुडा आला आणि १६ ऐवजी १२ क्विंटल हाती लागले. खर्च तर होऊन गेलेला असतो. क्विंटलला २,१२५ रुपये पडतात आणि हमीभाव मिळूनही एकरी ३,००० रुपयेसुद्धा सुटत नाहीत.

तिसरा प्रसंग अधियाचा. खर्च सगळा आपला आणि पीक निम्मे मालकाचे, असा बोलीचा व्यवहार असेल तर आपल्या वाट्याला ८ क्विंटल येतात. त्यांचे १८,९५२ रुपये. त्यातून रोख खर्चाचे १८,००० वजा करा. उरले ९५२ रुपये. २५ दिवसांच्या कामाचे ९५२ रुपये, म्हणजे दिवसाला ४० रुपयांहून कमी. दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला गेला असता तर याच्या सातपटीहून जास्त मिळाले असते. ओसरीवर आलेल्या त्या भल्या माणसाची दोन एकर अशीच होती. "शेती जास्त तर धान जास्त," असे म्हणून तो ती दरसाल घेत होता, आणि स्वतःच्या तीन एकरांत जे सुटे ते या दोन एकरांत घालवत होता. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सांगणारी वही घरात नव्हती.

अधियाने जमीन कसूच नये, असे माझे म्हणणे नाही. भूमिहीनाला दुसरा मार्ग कोणता? पण बोलणी करताना खत-बियाण्याचा खर्चही निम्मा वाटून घ्यावा आणि करार लेखी करावा. मध्यप्रदेशात २०१६ च्या कायद्याने जमीनमालक आणि बटाईदार यांच्यातील लेखी कराराची सोय केली आहे. तो कागद नसेल तर हमीभावाने विकण्याची नोंदणी, विमा, नुकसानभरपाई, सगळेच मालकाच्या नावाने जाते आणि कसणारा हात हलवत राहतो.

इथे काही वाचक रागावतील. ते म्हणतील, "फादर, वही लिहून धानाचा भाव वाढतो का? डिझेल महाग, मजुरी महाग, आणि दोष आमच्या वहीला?" हा राग वाजवी आहे. शेतीमालाच्या भावाचे दुखणे शेतकऱ्याच्या घरात उपजलेले नाही. हमीभाव खर्चाच्या दीडपट म्हणतात, पण त्या खर्चात रोख खर्च आणि घरची मजुरी एवढेच धरतात. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज त्यात येत नाही. ते धरून दीडपट द्या, ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे आणि ती मला न्याय्य वाटते. शिवाय भाव जाहीर होणे वेगळे आणि तो पदरात पडणे वेगळे. खरेदी केंद्रावर माल पडून राहिला, पैसे उशिरा आले, तर हमी कागदावरच राहते.

पण ही मागणी घेऊन अधिकाऱ्यासमोर जाणारा शेतकरी काय बोलतो? "साहेब, परवडत नाही." साहेब मान डोलावतो आणि विसरतो. "साहेब, माझ्या एकराला इतका खर्च, इतके पीक, क्विंटलला इतके पडले, आणि या तीन वर्षांच्या पावत्या," असे दहा शेतकरी बोलू लागले तर त्यांना विसरणे कठीण जाईल. वही ही न्याय मागण्याचीही तयारी आहे. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाची बेरीज करावी, असा दाखला प्रभू येशूने दिला आहे, तो गवंड्यांपुरता नाही.

आता कर्जाविषयी. "उधारीचे पोते सव्वा हात रिते" ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. दुकानदार उधारीवर खत देतो तेव्हा व्याज वेगळे लिहीत नाही, ते भावात मिसळते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याची सरकारी किंमत २६६ रुपये ५० पैसे आहे. आपण उधारीत किती लावून घेतले, ते पावतीवर पाहावे आणि पावती मिळत नसेल तर मागावी. याउलट मध्यप्रदेशात सहकारी सोसायटीचे ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याज शून्य पडते. यापेक्षा स्वस्त पैसा जगात कुठे मिळायचा नाही. पण मुदत चुकली की सवलत गेली, नाव थकबाकीत गेले, आणि पुढच्या वर्षी सावकाराचे दार. म्हणून धानाचे पैसे हातात आले की पहिली नोट सोसायटीची. पीककर्ज पिकातच घालावे. त्यातून मोटारसायकल घेतली तर ती धान पिकवून देत नाही.

गटाच्या आणि लहान कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या हप्त्यांची गोष्ट आणखी निराळी आहे. धानाचा पैसा वर्षातून एकदा येतो, हप्ता मात्र दर आठवड्याला किंवा महिन्याला दारात उभा असतो. ज्या घरात रोजची मजुरी, दूध किंवा दुकान आहे त्याला तो झेपतो. केवळ धानावर बसलेल्या घराला झेपत नाही, मग एक हप्ता भरायला दुसरे कर्ज निघते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केला आहे की, अशा कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते त्याच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त जाऊ नयेत. भगिनींनो, कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी ही बेरीज स्वतः करा. घरधन्याला ठाऊक नसलेले कर्ज आणि घरधनिणीला ठाऊक नसलेले कर्ज, दोन्ही सारखीच घातक.

खर्च कुठे कापावा आणि कुठे कापू नये, तेही वहीच दाखवते. संकरित धानाचे बियाणे दरसाल विकत घ्यावे लागते, पण सरळ वाणाचे चांगले निवडलेले घरचे बी चालते. कृषी विभागाकडून माती तपासून घेतली तर खताचे एखादे पोते कमी लागू शकते. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारायचे, हा खर्च आधी कापावा. धान उभा असतानाच ओलीवर लाखोळी, जवस फेकून उतेरा घेण्याची आपली जुनी रीत आहे. तिला बियाण्याखेरीज फारसा पैसा लागत नाही. लाखोळी घ्यायची तर कमी विषारी अंशाचे रतन, प्रतीक किंवा महातेवडा हे वाण घ्यावे आणि घरात महिनोन् महिने तीच एक डाळ खाऊ नये, कारण तिच्या अतिसेवनाने पाय लुळे पडतात.

आपल्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून पुष्कळ जण विचारतात, "चिन्नोर लावावा काय?" याचेही उत्तर हिशोबात आहे. चिन्नोर सुवासिक खरा, पण तो उशिरा येतो आणि उतारा कमी देतो. समजा १६ ऐवजी ९ क्विंटल पिकला, तर तेवढेच ३७,९०४ रुपये यायला त्याला क्विंटलला सुमारे ४,२१२ रुपये भाव मिळायला हवा. खत-औषधाचा खर्च वाचला तर थोडा कमी भावही पुरेल. इतका भाव देणारे गिऱ्हाईक रोवणीपूर्वी ठरले असेल तर जरूर लावा. नसेल तर आधी एका बांधीत लावून पाहा. मानांकनाचा शिक्का घर चालवत नाही, गिऱ्हाईक चालवते.

कापू नये असे खर्च दोन. पहिला पीकविम्याचा. खरीप पिकाला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या २ टक्के आहे. २०२० पासून तो कर्जदार शेतकऱ्यालाही ऐच्छिक झाला आहे, तेव्हा बँकेने कापलाच असेल असे धरून बसू नका, पावती पाहा. गारपिटीने किंवा पाणी साचून नुकसान झाले तर ७२ तासांच्या आत कळवावे लागते, हेही त्याच पानावर लिहून ठेवा.

दुसरा खर्च प्रकृतीचा. या पानाचे नावच शेती आणि आरोग्य आहे, आणि ही दोन्ही एकाच कोठीतून खातात. बांधी गहाण पडते ती पुष्कळदा शेतीमुळे नसते, घरातल्या दुखण्यामुळे असते. ताप अंगावर काढायचा, औषध फवारताना तोंडाला फडका बांधायचा नाही, बाळंतपण लांबणीवर टाकायचे, आणि मग एका रात्रीत गाडी करून शहराचा दवाखाना गाठायचा. त्या रात्रीचा खर्च चार वर्षे फिटत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाला दवाखान्यात भरती झाल्यास वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचाराची सोय आहे. घरातल्या प्रत्येकाचे कार्ड आजच करून ठेवा, रोगी खाटेवर असताना नाही. आणि धान विकल्यावर एकरामागे थोडी रक्कम दुखण्याच्या नावाने बाजूला काढा. ती बियाण्यालाही लावू नये आणि लग्नालाही लावू नये.

वही ठेवायची कशी? मुलांची दोनशे पानांची साधी वही पुरे. तिचे चार भाग करावे. पहिल्यात शेतीचा खर्च, तारीखवार. त्यात घरच्या माणसांचे कामाचे दिवसही येतात, आणि बाईमाणसाचा दिवस पुरुषाच्या दिवसाइतकाच धरावा. दुसऱ्यात उत्पन्न: धान किती, कोणाला, काय भावाने, आणि तणस, दूध, कोंबड्यासुद्धा. तिसऱ्यात घेणे-देणे: कोणाचे किती, व्याज काय, फेडायचे केव्हा. चौथ्यात घरखर्च. शेतीचा पैसा आणि घराचा पैसा एका पानावर आला की वही निकामी झाली, असे समजा. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या घरात शाळेत जाणारे लेकरू आहे. रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटे, आणि नवराबायको दोघांच्या समोर.

हे एकट्याने करण्यापेक्षा गावाने केले तर अधिक बरे. १९०९ मध्ये छोटा नागपूरमध्ये फादर हॉफमन या येशूसंघी धर्मगुरूंनी आदिवासी शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था उभी केली, ती सावकारीतून त्यांची सुटका व्हावी म्हणून. तिचा पाया पै-पैच्या हिशोबावर होता. आपल्याला आज नवी पेढी काढायची नाही, सोसायट्या आहेत. पण माझी सूचना अशी की, धान विकून झाल्यावर प्रत्येक गावात शेतकऱ्यांनी एक संध्याकाळ एकत्र बसावे. कोणाचे कर्ज किती ते विचारू नये, ती ज्याची त्याची अब्रू आहे. एकच आकडा वाचावा: माझा धान क्विंटलला किती रुपयांत पडला. कोणाचा १,४०० त पडला, कोणाचा २,००० त, आणि तो कशामुळे, हे कळले की त्या रात्री जे शिकता येईल ते कोणत्याही भाषणात मिळणार नाही.

तो शेतकरी पुन्हा आला तेव्हा त्याच्या पिशवीत वही होती, अक्षर त्याच्या मुलीचे. अधियाची दोन एकर त्याने त्या साली सोडली होती. ते वाचून दाखवताना त्याला वाईट वाटत होते, कारण जमीन सोडणे आपल्याकडे हार मानल्यासारखे दिसते. त्याचे कर्ज काही एका पावसाळ्यात फिटले नाही. पण देणे किती हे विचारल्यावर या वेळी त्याने पान उलटले आणि आकडा सांगितला. जामिनाची रक्कम आधी मागितली होती तिच्या निम्म्यावर आली होती. मी सही केली.